डोके झाकले, डोळ्यांचे काय?

मृगाच्या सरी सुरू झाल्या, की नाशिकच्या दुचाकीस्वारांच्या हेल्मेटांची जागा बदलू लागते. एरवी, चौकातील पोलिसाच्या धाकाने का होईना, जी डोक्यावर नीट बसलेली असतात, ती पावसाळ्यात कोपरात, आरशावर किंवा पेट्रोलच्या टाकीवर विसावतात. ज्यांच्या डोक्यावर ती टिकून राहतात, त्यांतील अनेकांची काच कपाळापर्यंत वर सारलेली असते आणि स्वार डोळे बारीक करून, पाऊस तोंडावर झेलीत वाट काढीत असतो. या वर्तनास बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अशा एखाद्या स्वाराला थांबवून कारण विचारले, तर तो फार साधे उत्तर देईल : काच खाली घेतली, की काहीच दिसत नाही. या उत्तरात पळवाट कमी आणि तक्रार अधिक आहे. तिची पुरेशी दखल ना शासनाने घेतली, ना बाजाराने; आणि खुद्द स्वारानेही ती नशिबाचा भाग म्हणून सोडून दिली आहे.

दुचाकीवरून जाणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने, पगडीधारी शिखांचा अपवाद वगळता, चार वर्षांवरील प्रत्येकाला हा नियम लागू झाला आणि तो मोडणाऱ्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याची अपात्रता अशी शिक्षा ठरली. नाशिक शहर पोलिसांनी २०२१ साली ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ ही मोहीम हाती घेतली, तीही १५ ऑगस्टपासून, म्हणजे ऐन श्रावणात. या साऱ्या खटाटोपामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील माणसे सुमारे ७५ हजार होती आणि हेल्मेट न घालता मेलेल्यांचा आकडा ५० हजारांच्या वर होता. जगभरातील अनेक पाहण्यांचा एकत्रित विचार करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा पावसाळ्यात हेल्मेटला सुट्टी द्यावी, असा युक्तिवाद कोणी करू नये. प्रश्न वेगळा आहे. अपघात झाल्यावर डोके वाचविणारी ही वस्तू अपघात होण्याआधी डोळ्यांवर पडदा टाकीत असेल, तर ती घालण्याची सक्ती करणाऱ्याचे कर्तव्य सक्तीपाशीच संपते काय?

दोन बाजूंनी कोंडी

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे, याचे कारण भूगोलात आहे. शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेकडे घाटमाथ्यावरील इगतपुरीत तो तीन हजारांच्या घरात जातो. गंगापूर रोडवरून भुरभुरत्या पावसात निघालेला शिक्षक जेमतेम तीस किलोमीटरवरील त्र्यंबकला पोचेपर्यंत मुसळधार पावसात सापडतो. पेठ, हरसूल, घोटी या बाजूंच्या शाळांत रोज ये-जा करणारे शिक्षक आणि तालुका कचेऱ्यांतील कारकून यांची हीच गत असते. कसारा घाटात तर ढगच रस्त्यावर उतरतात. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांचे कामगार पाळी सुटल्यावर रात्री घरी निघतात, तेव्हा पावसात अंधाराची आणि समोरच्या दिव्यांच्या झोताची भर पडते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकची वाट धरणारी तरुण मंडळी वेगळीच. या सर्वांपाशी मोटार नाही, आणि एस.टी.ची वेळ त्यांच्या वेळेशी जुळत नाही. दुचाकी ही त्यांची चैन नव्हे. पगार चालू ठेवणारे ते साधन आहे.

काचेवर दोन्ही बाजूंनी पाणी येते, आणि दोन्हींची कारणे निरनिराळी आहेत. बाहेरून पावसाचे थेंब आणि पुढच्या मालमोटारीच्या चाकांनी उडविलेला चिखल व तेल यांचा शिंतोडा. आतून स्वाराचाच श्वास. उच्छ्वासाची हवा शरीराइतकी नसली तरी चांगलीच उबदार आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. पावसाने गार झालेल्या काचेला ती लागली, की तिच्यातील बाष्पाचे अतिसूक्ष्म थेंब काचेवर जमतात. असा प्रत्येक थेंब प्रकाश फाकवितो आणि पारदर्शक काच दुधी होते. २०२० साली करोनाच्या साथीत मुखपट्टी लावणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याने हा प्रयोग स्वतःवर केलेलाच आहे. हेल्मेटच्या आत नाकावर रुमाल किंवा ओढणी आवळून बांधण्याची आपल्याकडील सवय नेमके तेच करते : श्वासाला खालची वाट बंद करून त्याला थेट काचेकडे पाठविते.

काच वर केल्याने हा प्रश्न सुटत नाही, नुसता पालटतो. टपोरा थेंब ताशी तीसएक किलोमीटर वेगाने खाली येत असतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या डोळ्यांवर तो दोन्ही वेगांच्या संयोगाने, ताशी पन्नासच्या आसपास वेगाने आदळतो. डोळे मिटणे ही शरीराची आपोआप घडणारी क्रिया आहे. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. म्हणजे एक सेकंद डोळे मिटले, तर अकरा मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. तेवढ्या अंतरात खड्डा असतो, गाय असते, छत्री घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी असते.

अंतराळातील धडा

हा त्रास केवळ गरीब देशांतील स्वस्त हेल्मेटांचा आहे, असे कोणी समजू नये. ५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-९ए यानातून बाहेर पडून अंतराळवीर यूजीन सर्नन पृथ्वीभोवती दोन तासांहून थोडे अधिक तरंगत राहिले. श्रम अपेक्षेबाहेर झाले, घाम आला, श्वास वाढला आणि त्यांच्या शिरस्त्राणाची काच आतून इतकी धुरकटली, की नाकाच्या शेंड्याने घासून पाहण्यापुरती जागा करावी लागली. ज्या उपकरणाच्या चाचणीसाठी ते बाहेर पडले होते, ती चाचणी सोडून त्यांना यानात परतावे लागले. नंतरच्या उड्डाणांत यावर जो उपाय योजला गेला, तो पाहून कोणाही गृहिणीला हसू येईल : काचेच्या आतल्या बाजूस साबणयुक्त द्रावणाचा पातळ लेप. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. त्यामुळे बाष्पाचे सुटे थेंब न बनता एकसंध पातळ पापुद्रा बनतो आणि त्यातून आरपार दिसते. हा उपायही सांभाळून करावा लागतो. २००१ सालच्या एप्रिलमध्ये कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांच्या डोळ्यांत हेच द्रावण पाण्याबरोबर उतरले आणि अंतराळात तरंगत असताना काही काळ त्यांना काहीच दिसेनासे झाले.

अवकाशसंशोधनाचे सामर्थ्य ज्यांच्या पाठीशी होते, त्यांनाही डोके झाकताना डोळ्यांचा विचार ठेच लागल्यावरच सुचला. फरक एवढाच, की त्यांनी एका ठेचेनंतर तो केला. दुचाकीस्वाराच्या बाबतीत ब्रिटिश मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी हेल्मेटचे महत्त्व १९४१ सालीच पुराव्यानिशी मांडले. त्यानंतर कवच, अस्तर, पट्टा यांवर पुष्कळ विचार झाला. काच मात्र आपल्याकडे अजूनही हेल्मेटला जोडलेली शोभेची झडप समजली जाते.

काटकसरीचा हिशेब

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. मोटारीच्या काचेवर पुसणी असावी, ही कल्पना अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली पेटंट घेऊन मांडली, आणि आज आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुसणी ही मोटारीची आवश्यक बाब आहे. चार चाकांवर छपराखाली बसणाऱ्याला पाऊस पुसून देण्याची हमी नियमाने मिळाली. दोन चाकांवर उघड्यावर बसणाऱ्याला मात्र डाव्या हाताच्या बोटावर अवलंबून राहावे लागते, आणि तो हात क्लचवरही हवा असतो. देशात दुचाकींची संख्या एकवीस कोटींच्या वर गेल्याचे केंद्र सरकार सांगते. एवढ्या मोठ्या वर्गाची गरज बाजार आपोआप ओळखील, अशी अपेक्षा कोणीही करील. ती फोल का ठरते?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते, की मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असला, तर चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही आणि निकृष्ट माल बाजार व्यापतो. याच विचारासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हेल्मेटची काच हे या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण होय. दुकानात कोरड्या हवेत, दिव्याखाली प्रत्येक काच सारखीच स्वच्छ दिसते. ती पावसात धुरकटेल किंवा नाही, वर्षभरात ओरखड्यांनी भरेल किंवा नाही, हे ग्राहकाला तेथे कळण्याचा मार्ग नाही. मग तो रंग आणि किंमत पाहून निवड करतो. उत्पादकही रंगावर आणि किमतीवरच स्पर्धा करतो. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का असलेलेच हेल्मेट बनविण्याचे व विकण्याचे बंधन आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि त्या शिक्क्यावर ग्राहक एवढेच वाचतो, की हे कवच आघात सोसील. त्यातून पावसात कसे दिसेल, हे त्याला कोणी सांगत नाही. युरोपातील हेल्मेटविषयक नियमावलीत काचेच्या धुके-रोधक गुणाची चाचणी ऐच्छिक का होईना, नमूद आहे. असा मजकूर येथेही खोक्यावर, मराठीतून आणि सामान्य माणसास कळेल अशा शब्दांत आला, तर निवडीचा निकष बदलेल.

दोष एकट्या बाजाराचा नाही. आपल्याकडील मध्यमवर्गीय मनुष्य गाडीचे तेल वेळेवर बदलतो, टायरची नक्षी झिजली की कुरकुरत का होईना नवा टायर घालतो. परंतु ओरखड्यांनी जाळे धरलेली हेल्मेटची काच चार-चार वर्षे वापरतो. दिवसा ती चालून जाते. रात्री ओल्या रस्त्यावर समोरून दिवे आले, की प्रत्येक ओरखडा उजळतो आणि स्वारापुढे प्रकाशाचे जळमट उभे राहते. नवी काच पुष्कळशा हेल्मेटांसाठी सुटी मिळते आणि तिला हेल्मेटच्या किमतीचा लहानसा अंशच पडतो. हा खर्च टाळणे ही काटकसर नव्हे. विम्याचा हप्ता चुकवून पैसे वाचविल्याचे समाधान मानण्यापैकीच ते आहे.

घरच्या घरी

शासन आणि उत्पादक जागे होईपर्यंत स्वाराने स्वस्थ बसावे, असे मात्र नाही. पुष्कळसे उपाय घरातच आहेत, आणि त्यांना पैशापेक्षा सवय अधिक लागते. चांगल्या हेल्मेटची काच वस्तुतः काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. ते आघाताला चिवट, पण ओरखड्याला नाजूक. म्हणून चिखल सुकलेली काच कोरड्या फडक्याने किंवा शर्टाच्या बाहीने पुसणे म्हणजे स्वतःच्या हाताने ती वाळूने घासणे होय. आधी ओले मऊ फडके तिच्यावर ठेवून चिखल भिजू द्यावा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरून हलक्या हाताने धुवावी. पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण तिला कधीही लावू नये. त्याने लेप निघून जातो आणि काच तडकते.

बाहेरच्या बाजूस पाणी न धरणारा, मोटारीसाठी मिळणारा मेणाचा किंवा तत्सम लेप दिला, तर थेंब पसरत नाहीत. वेगात ते वाऱ्याने घरंगळतात आणि मान किंचित बाजूला वळविली, की आणखी लवकर निघून जातात. शहरातील मंद गतीत वारा पुरत नाही, तेव्हा डाव्या हातमोज्याच्या बोटावर रबराची पट्टी असल्यास ती उपयोगी पडते. मात्र हात उचलावयाचा तो रस्ता मोकळा पाहून. आतल्या बाजूस सौम्य साबणाचा एक थेंब चोळून, तो पाण्याने न धुता कोरड्या मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसावा. अंतराळवीरांच्या अनुभवावरून येथे कंजुषीच हिताची, कारण जादा साबण ओघळून डोळ्यांत जातो. काचेवर आधीच धुके-रोधक लेप असेल, तर उत्पादकाची सूचना पाहून मगच काय लावावयाचे ते ठरवावे. हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडी ठेवावी, काच एका खाचेपुरती वर ठेवावी आणि नाकावरचा रुमाल सैल करावा. ज्यांना परवडते, त्यांनी काचेच्या आत बसणारी, कडेला सिलिकोनची किनार असलेली दुसरी पातळ काच घ्यावी. पिनलॉक या नावाने ती ओळखली जाते. दोन काचांमध्ये अडकलेली हवा आतली काच गार होऊ देत नाही, त्यामुळे बाष्प तिच्यावर सहसा जमत नाही. चष्मेवाल्यांनी चष्म्याच्या भिंगांचीही अशीच काळजी घ्यावी. काळ्या किंवा रंगीत काचेला पावसाळ्यातल्या रात्री थारा नसावा.

एक साधी गोष्ट बहुतेक घरांत दुर्लक्षिली जाते. ओले हेल्मेट रात्री तसेच गाडीला टांगलेले राहते किंवा त्यात ओला रेनकोट कोंबला जातो. सकाळी त्याचे अस्तर दमट असते, आणि काच धुरकटण्यास लागणारे निम्मे बाष्प स्वार घरूनच घेऊन निघतो. रात्रभर पंख्याखाली उलटे ठेवलेले हेल्मेट हा या प्रश्नावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरावा. इतके करूनही काही दिसेनासे झाले, तर थांबावे. पण द्वारका किंवा मुंबई नाक्याजवळ उड्डाणपुलाखाली घोळके करून, रस्ता अडवून नव्हे. एखाद्या पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलाच्या आवारात, रस्त्यापासून आत.

सक्तीची दुसरी बाजू

पेट्रोल पंपाचा उल्लेख आला, तेव्हा २०२१ च्या मोहिमेकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. डोक्यावर हेल्मेट आहे की नाही, हे पाहण्याचे ठाणे म्हणून पंपाची योजना झाली, आणि पंपचालकांनी आपण पोलीस नसल्याची कुरकुर केली. त्याच पंपावर पावसाळ्याचे चार महिने स्वच्छ पाण्याची एक बादली आणि मऊ फडके ठेवून, हेल्मेटधारकास काच पुसून पुढे जाण्याची सोय केली असती, तर पंप हे दंडाचे ठिकाण न राहता मदतीचे झाले असते. मोटारीची काच पुसून देणारा पोऱ्या अनेक पंपांवर दिसतो. हेल्मेटच्या काचेला तेवढीही प्रतिष्ठा नसावी, हे लक्षणीय आहे.

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, परिवहन खात्याने आणि पोलिसांनी शाळा, महाविद्यालये व औद्योगिक वसाहतींत काचेची तपासणी करून, ती कशी राखावी हे करून दाखवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी कामगारांना सुरक्षेचे बूट देताना पावसाळ्यापूर्वी एक सुटी काचही द्यावी आणि पाळीच्या वेळात हेल्मेटे वाळविण्यासाठी मांडणी उभारावी. नव्या दुचाकीबरोबर मानकानुसार हेल्मेट देण्याचे बंधन उत्पादकांवर नियमाने आहेच. त्यात धुके-रोधक काचेची भर घालणे अवघड नाही. कराच्या बाबतीतही विचार व्हावा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हेल्मेटवर १८ टक्के आकारणी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणताना सरकारने सामान्य माणसाच्या वाहनाचा विचार केला. ज्या वस्तूची सरकारच सक्ती करते, ती आणि तिची सुटी काच कराच्या सर्वांत खालच्या पायरीवर असणे हे त्याच विचाराचे तर्कशुद्ध टोक आहे.

यावर असे म्हटले जाईल, की ज्यांना हेल्मेट घालावयाचेच नाही, त्यांना काच हे एक निमित्त आहे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु निमित्त नाहीसे करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्यामागील अडचण दूर करणे हाच असतो. अडचण तशीच ठेवून केलेली सक्ती पोलीस दिसेपर्यंत टिकते; पोलीस चौकाआड झाला, की ती हेल्मेटबरोबर कोपराला लटकते. आणि जो प्रामाणिकपणे नियम पाळतो, काच खाली घेऊन धुरकट अंधारात गाडी हाकतो, त्याला तर कायदा पाळल्याची शिक्षा भोगावी लागते. नियम पाळणाऱ्या नागरिकाला तो सुखरूप पाळता येईल, एवढी तजवीज करणे हे नियम करणाऱ्याचे किमान कर्तव्य होय. हेल्मेटच्या बाबतीत ते कर्तव्य अद्याप अर्धेच पार पडलेले आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याचा खर्च बादलीभर पाणी, साबणाचा एक थेंब आणि थोडी आस्था यांपलीकडे फारसा जात नाही.